तीन मिनिटं न हलता

आजचा एपिसोड एका फोटोग्राफरचा आहे, पण मला जास्त बोलायचंय ते त्याच्या समोर बसलेल्या बाईबद्दल.

१९१७ साली आल्फ्रेड स्टिग्लिट्झनं जॉर्जिया ओकीफचे फोटो काढायला सुरुवात केली. तो पन्नाशी ओलांडलेला, न्यूयॉर्कमधलं मोठं नाव. ती तिशीला टेकलेली, अजून फारशी कुणाला माहीत नसलेली चित्रकार. पुढच्या वीस वर्षांत त्यानं तिचे तीनशेच्या वर फोटो काढले. चेहरा, हात, मान, पाय, उघडं अंग. माणूस एका फोटोत मावत नाही, हे सगळे मिळून एक पोर्ट्रेट, असं त्याचं म्हणणं.

आता टेक्निकल भाग, कारण मला तो आवडतो. भलामोठा कॅमेरा, काचेची निगेटिव्ह, एक्सपोजर तीन-चार मिनिटांचं. आपला फोन सेकंदात दहा फोटो काढतो! ओकीफनं पुढे लिहिलंय की नको तेव्हा पापणी लवायची, कान खाजायचा, हात भरून यायचे. तीन मिनिटं कुठलीच पोझ टिकत नाही, हसू तर नाहीच. मग जे उरतं ते प्लेटवर येतं. त्या फोटोंमधली जवळीक मला तरी या थकण्यातून आलेली वाटते. त्यात बरेच प्रिंट पॅलेडियमचे. धातू कागदाच्या तंतूंतच बसतो, चकाकी नाही, त्वचा अगदी हाताशी आल्यासारखी दिसते.

पण ही जवळीक दोघांची होती. फेब्रुवारी १९२१ मध्ये त्यानं त्यातले चाळीसेक फोटो न्यूयॉर्कच्या अँडरसन गॅलरीत लावले. ही गर्दी! दोन वर्षांनी तिथेच तिच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा समीक्षकांना कॅनव्हासवरही तिचं शरीरच दिसायला लागलं. स्टिग्लिट्झनं या वाचनाला खतपाणीच घातलं. तिला त्याचा मनस्वी राग होता. फोटोंना तिची संमती होती, हो. पण त्या चष्म्यातून आपली चित्रं बघा, असं ती कधी म्हणाली होती?

१९४६ मध्ये तो गेला. १९४९ मध्ये तिनं त्याचे तेराशेवर फोटो वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीला देऊन टाकले. स्वतःचे ३३१ मात्र नुसते ठेवायला दिले, मालकी सोडली नाही. १९७८ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, त्यातल्या निवडक फोटोंच्या पुस्तकाला तिनं प्रस्तावना लिहिली. ही बाई कोण, असा प्रश्न तिला ते बघताना पडायचा. ते ३३१ फोटो तिनं गॅलरीला दिले १९८० मध्ये.