सतरा पौंडांचे पाप

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात बक्स्टन नावाचे डोंगराळ गाव आहे. १९५० च्या सुमारास तेथील जॉन टॅरन्ट हा अठरा वर्षांचा तरुण आसपासच्या मुष्टियुद्धाच्या सामन्यांत उतरू लागला. मोजक्याच लढती तो खेळला आणि त्यातून त्याच्या हाती एकूण सतरा पौंड आले. त्या वेळच्या विनिमयदराने आपल्याकडचे साधारण सव्वादोनशे रुपये! ह्या खेळात आपला निभाव लागणार नाही हे त्याला लवकरच उमगले. त्याचे खरे प्रेम धावण्यावर जडले होते. एका धावपटू मंडळात प्रवेश घेताना, कोणत्याही खेळात कधी पैसे स्वीकारले आहेत काय, असा प्रश्न त्याच्यापुढे आला. ‘नाही’ म्हणून टाकले असते तर कोणाला कळले नसते. टॅरन्टने खरे ते सांगितले, आणि त्या सत्यकथनाबद्दल त्याला आजन्म बंदीची शिक्षा झाली.

आम्हां धर्मगुरूंना ही हकीकत विशेष बोचते. प्रायश्चित्त संस्काराच्या पेटीत बसून वर्षानुवर्षे आम्ही लोकांना सांगत असतो की, बाबांनो, खरे बोला, खरे बोलल्याने ओझे उतरते. टॅरन्टचे ओझे खरे बोलल्यामुळेच वाढले.

ह्या शिक्षेमागचा ‘हौशी’ आणि ‘धंदेवाईक’ हा भेद आजच्या तरुण वाचकांना समजणे कठीण आहे, कारण आता मॅरेथॉनच्या बक्षिसांचे आकडे वर्तमानपत्रांत उघडपणे छापून येतात. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये मात्र खेळ हा सभ्य गृहस्थांचा विरंगुळा मानला जाई. हेन्ली येथील नौकाशर्यतीच्या १८७९ च्या नियमाने तर मजुरी करून पोट भरणाऱ्या कारागिराला आणि कामगाराला हौशी म्हणवून घेण्याचा अधिकारच नाकारला होता. त्याने बक्षीस घेतलेले असो वा नसो, त्याचे हात राबलेले होते एवढे पुरे! पुढच्याच वर्षी, १८८० साली, ऑक्सफर्ड येथे हौशी धावपटूंची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिने वर्गभेदाची ही उघड भाषा टाळली. पण पैशाला शिवलेला माणूस कायमचा बाटला, ही भावना तशीच राहिली.

लेक डिस्ट्रिक्टमधील मेंढपाळ आणि शेतकरी जत्रेच्या दिवशी डोंगर चढून-उतरून पळत आणि विजेत्याला काही पौंड मिळत. ग्रासमियरची अशी प्रसिद्ध शर्यत १८६८ पासूनची आहे. बिल टीझडेल नावाच्या मेंढपाळाने ती अकरा वेळा जिंकली. परंतु संघटनेच्या लेखी तो धंदेवाईक, आणि त्याच्याबरोबर धावणारा हौशी धावपटूही बाटण्याचा संभव! आपल्या समाजाला शिवाशिवीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

ह्या नियमाला प्राचीन ग्रीसचा आधार दिला जाई, ही त्यातली मौज. ऑलिम्पिक जिंकून आलेल्या वीराला अथेन्सने पाचशे द्राख्मा द्यावेत असा सोलोनचा कायदा होता, असे प्लुटार्क सांगतो. संत पौल करिंथकरांना शर्यतीचा दृष्टान्त देतो. त्या करिंथ नगरीजवळच इस्थमियन खेळ भरत. पौलाने पानांच्या नाशवंत मुकुटाचा उल्लेख केला आहे हे खरे. पण बक्षिसासाठी धावणे म्हणजे पाप, असे त्याला वाटल्याचे कोठे दिसत नाही. उलट बक्षीस मिळेल असे धावा, असाच त्याचा आग्रह आहे. पैशाचा विटाळ ही ग्रीकांची नव्हे, इंग्रज सरदारांची देणगी आहे.

टॅरन्टचा जन्म १९३२ साली लंडनमध्ये झाला. महायुद्धाच्या काळात आई क्षयाने गेली, वडील लष्करी सेवेत, म्हणून जॉन आणि धाकटा भाऊ व्हिक्टर ह्यांना सिडकप येथील बालकाश्रमात राहावे लागले. युद्ध संपल्यावर वडिलांनी दुसरा विवाह केला आणि कुटुंब बक्स्टनला आले. ज्याच्याजवळ आपले म्हणण्यासारखे काही नसते, तो एखाद्या गोष्टीला घट्ट धरून ठेवतो. टॅरन्टने धावण्याला धरून ठेवले. दिवसभर मजुरी करायची आणि उरलेल्या वेळात डोंगराळ रस्त्यांवर मैलच्या मैल तुडवायचे.

संघटनेला पाठविलेल्या अर्जविनंत्या फुकट गेल्या. तेव्हा १९५६ च्या ऑगस्टमध्ये तो लिव्हरपूल मॅरेथॉनच्या ठिकाणी भावाच्या मोटरसायकलवरून पोहोचला. अंगात लांब कोट होता, आत धावण्याचे कपडे. शर्यत सुटताच त्याने कोट भिरकावला आणि धावपटूंच्या घोळक्यात शिरला. छातीवर क्रमांक नाही, यादीत नाव नाही! वृत्तपत्रांनी त्याला ‘भूत धावपटू’ हे नाव दिले. पुढे दोन वर्षे हे भूत इंग्लंडच्या रस्त्यांवरील शर्यतींत असेच प्रकट होत राहिले. पंच त्याला पकडू पाहत, तर प्रेक्षक त्याच्यासाठी टाळ्या वाजवीत. लोकांची न्यायबुद्धी कित्येकदा नियम करणाऱ्यांच्या पुढे असते.

अखेर १९५८ मध्ये संघटना नमली. स्वदेशातील शर्यतींत त्याला प्रवेश मिळाला. परंतु ही अर्धीच क्षमा होती. पैसे घेऊन खेळलेल्याला देशाचे प्रतिनिधित्व करता येणार नाही, हा आंतरराष्ट्रीय नियम पुढे करण्यात आला. १९६० च्या रोम ऑलिम्पिकचे त्याचे स्वप्न तेथेच संपले.

ह्या दृष्टीने त्याचा १९६८ चा हंगाम पाहण्यासारखा आहे. दक्षिण आफ्रिकेत ‘कॉम्रेड्स’ नावाची सुमारे ९० किलोमीटरची शर्यत असते. पहिल्या महायुद्धातील सहकाऱ्यांच्या स्मरणार्थ व्हिक क्लॅपम ह्या माजी सैनिकाने ती १९२१ साली सुरू केली. डर्बन आणि पीटरमारिट्सबर्ग ह्या शहरांमध्ये ती एका वर्षी चढती, तर दुसऱ्या वर्षी उतरती धावतात. १९६८ हे चढतीचे वर्ष होते. समुद्रकाठच्या डर्बनहून निघायचे, काउइज, फील्ड्स, बोथाज आणि इंचांगा ह्या टेकड्या एकामागून एक ओलांडायच्या आणि पाय गळून गेल्यावर अगदी शेवटच्या टप्प्यात पॉली शॉर्ट्सचा चढ समोर यावा, असा तो मार्ग. ह्याच मुलखात, पाइनटाउनजवळ, फ्रान्झ फान्नर ह्या ट्रॅपिस्ट मठाधिपतींनी १८८२ मध्ये स्थापन केलेला मेरियनहिलचा मठ आहे.

टॅरन्ट पदरमोड करून तेथे गेला. परदेशात धावण्यास त्याला मनाई होती, तेव्हा ३१ मे रोजी तो पुन्हा भूत झाला आणि क्रमांकाविना धावला. त्या वर्षी जॅकी मेकलर हा दक्षिण आफ्रिकेचा धावपटू पाचव्यांदा विजयी झाला. ह्याच मेकलरने १९६० मध्ये इंग्लंडला येऊन लंडन-ब्रायटन शर्यत जिंकली होती. मेकलरला टॅरन्टच्या देशात धावता येत होते, टॅरन्टला मेकलरच्या देशात नाही! मायदेशी परतल्यावर टॅरन्ट त्याच लंडन-ब्रायटनच्या रस्त्यावर उतरला. सकाळी सातला वेस्टमिन्स्टरच्या घड्याळाच्या ठोक्यावर निघून दक्षिणेचे डोंगर ओलांडून समुद्र गाठायचा, सुमारे ८५ किलोमीटर. १९६७ मध्ये ती त्याने जिंकली होती आणि १९६८ मध्ये पुन्हा जिंकली. एकाच हंगामात एका देशात विजेता आणि दुसऱ्या देशात यादीबाहेर. १९६९ मध्ये त्याने शंभर मैलांचा जागतिक विक्रम केला. विक्रमवीर म्हणून तो चालत होता, प्रतिनिधी म्हणून नव्हे.

कॉम्रेड्सच्या रस्त्यावरील भुतांत टॅरन्ट एकटा नव्हता, हे मात्र विसरता कामा नये. कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना ह्या शर्यतीत अधिकृत प्रवेशच नव्हता. रॉबर्ट म्त्शाली हा कृष्णवर्णीय धावपटू १९३५ मध्येच अनधिकृतपणे ती पूर्ण करून गेला होता. टॅरन्टवर अन्याय सतरा पौंडांसाठी झाला. ह्या माणसांनी तर सतरा पैसेही घेतले नव्हते. त्यांचा अपराध जन्माचा होता. टॅरन्टला हे उमगले असावे असे मला वाटते, कारण १९७० साली नाताळ प्रांतात वर्णभेद न मानणारी पन्नास मैलांची ‘गोल्ड टॉप’ शर्यत झाली, तेव्हा कृष्णवर्णीय आणि भारतीय वंशाच्या धावपटूंबरोबर हा गोरा कामगारही धावला. हे भारतीय म्हणजे १८६० पासून उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी करारावर नेलेल्या मजुरांची मुलेनातवंडे.

संघटनेच्या अधिकाऱ्यांना केवळ दुष्ट ठरवून मोकळे होणे मला जमत नाही. त्यांतील बहुतेक जण सज्जन असावेत, नियमाला नियम म्हणून जपणारे. आपल्या ख्रिस्तसभेतही तसे घडले आहे. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार विवाहबाह्य संबंधातून जन्मलेल्या तरुणास गुरुदीक्षेसाठी खास सूट मिळवावी लागे. अपराध, असलाच तर, आईबापांचा; अडसर मुलाला! १९८३ च्या संहितेने तो अडसर दूर केला. तिच्या शेवटच्या कलमात, म्हणजे १७५२ व्या कलमात, आत्म्यांचे तारण हाच सर्वोच्च कायदा असल्याचे नमूद आहे. सेमिनरीत हे कलम आम्ही परीक्षेपुरते पाठ केले होते. त्याचा अर्थ धर्मग्रामात आल्यावर, कार्यालयात दाखल्यासाठी ताटकळणाऱ्या माणसांकडे पाहून कळू लागला.

नियम बदलतात, पण ज्याच्यासाठी बदलायला हवे होते तो बहुधा हयात नसतो. जिम थॉर्प हा अमेरिकन आदिवासी, बाप्तिस्म्याने कॅथलिक, १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये दोन सुवर्णपदकांचा मानकरी ठरला. पूर्वी त्याने बेसबॉल खेळून थोडे पैसे घेतले होते, म्हणून १९१३ मध्ये ती पदके हिरावून घेतली गेली. तो १९५३ मध्ये वारला. त्याला पुन्हा विजेता मानण्याचा निर्णय १९८२ मध्ये झाला, तोही इतरांच्या जोडीने. एकमेव विजेता म्हणून त्याची नोंद व्हायला २०२२ उजाडले. जागतिक ॲथलेटिक्स महासंघाने आपल्या नावातून ‘हौशी’ हा शब्द काढला तो २००१ मध्ये.

टॅरन्टचे पोट त्याला धावताना नेहमी दगा देई. पुढे जठराचा कर्करोग निघाला. त्याने आपली कहाणी स्वतः लिहून ठेवली होती. ती १९७९ मध्ये पुस्तकरूपाने आली. देशाचा पोशाख अंगावर घालण्याची परवानगी त्याला शेवटपर्यंत मिळाली नाही. १९७५ च्या जानेवारीत, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, तो मरण पावला.

त्याच वर्षी ३१ मे रोजी कॉम्रेड्स शर्यत प्रथमच सर्व वर्णांच्या धावपटूंना आणि स्त्रियांना खुली झाली. लेसोथोचा व्हिन्सेंट राकाबाएले त्या दिवशी छातीवर क्रमांक लावून धावला, आणि अधिकृत पदक मिळविणारा पहिला कृष्णवर्णीय म्हणून त्याचे नाव यादीत लिहिले गेले.