महिंद्रा रेसिंग : सात सीझनमध्ये संपलेली मोटोजीपीतली मराठी मुलखातली टीम

बाईक रेसिंगच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये उतरलेली पहिली भारतीय कंपनी मुंबईची होती, हे अनेकांना ठाऊक नसतं. महिंद्रानं 2008 मध्ये पुण्याच्या कायनेटिकचा दुचाकी व्यवसाय घेतला आणि तीनच वर्षांत थेट ग्रां प्री गाठली.

सुरुवात कशी झाली?

2011 मध्ये महिंद्रा 125 सीसी गटात उतरली. गाडी इटलीत तयार झालेली, रायडर ब्रिटनचा डॅनी वेब आणि जर्मनीचा मार्सेल श्रोटर. त्या वर्षी व्हॅलेन्सियात 125 सीसी गटाची शेवटची शर्यत झाली, तिची पोल पोझिशन वेबनं पटकावली. पुढच्या वर्षी हा गट बंद होऊन 250 सीसी फोर-स्ट्रोक इंजिनांचा मोटो3 आला. सगळं नव्यानं उभारावं लागलं आणि 2012 मध्ये टीम मागे पडली.

गाडी रुळावर कधी आली?

2013 साठी स्वित्झर्लंडच्या सुटर कंपनीच्या मदतीनं नवी बाईक बनली. त्याच वर्षी मलेशियात मिगेल ऑलिव्हेरा तिसरा आला. हा महिंद्राचा पहिला पोडियम.

2015 पासून गाड्या ट्रॅकवर उतरवायचं काम स्पेनच्या आस्पार टीमकडे गेलं. 26 जून 2016 रोजी नेदरलँड्समधल्या आसेनला फ्रान्सिस्को बन्यायानं शर्यत जिंकली. भारतीय कंपनीच्या बाईकचा हा पहिला ग्रां प्री विजय. ऑगस्टमध्ये ब्रनोला जॉन मॅकफी जिंकला. त्याच्या गाडीवर नाव प्यूजोचं होतं, पण बाईक महिंद्राचीच. प्यूजोच्या दुचाकी कंपनीत महिंद्राची 51 टक्के हिस्सेदारी होती. ऑक्टोबरमध्ये बन्याया मलेशियातही जिंकला.

मग बंद का केली?

2017 मध्ये एकही विजय मिळाला नाही. त्याच वर्षी कंपनीनं सीझनअखेर बाहेर पडायचं जाहीर केलं. इलेक्ट्रिक गाड्यांच्या फॉर्म्युला ई मध्ये ती 2014 पासून होतीच, आता सगळं लक्ष तिकडे द्यायचं ठरलं.

हिशोब सरळ होता. कंपनीची इलेक्ट्रिक कार रस्त्यावर होती, मोटो3 ची बाईक मात्र शोरूममध्ये कधीच आली नाही. त्यामुळे आसेनच्या विजयानं दुकानात विकायला काही मिळालं नाही.

मागे काय उरलं?

रायडर. बन्याया 2022 आणि 2023 मध्ये मोटोजीपीचा वर्ल्ड चॅम्पियन झाला. 2024 चा चॅम्पियन होर्हे मार्टिनही मोटो3 मध्ये महिंद्रावरच घडला. टीम राहिली असती, तर ही नावं आपल्याकडे आज जास्त ओळखीची असती.