पंढरीतील मुक्कामाचे मोल

आषाढीला पंढरपुरातील खोल्यांचे भाडे चढते, ही तक्रार आजची वाटते. परंतु मुक्कामाचे मोल वारकऱ्याने पूर्वीही मोजले आहे.

पंढरपूर नगरपालिका १८५५ साली स्थापन झाली. ब्रिटिश अमदानीत तिच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता यात्राकर. म्हणजे यात्रेच्या सोयींचा भार यात्रेकरूवरच पडे. ज्याला खोली परवडत नसे, त्याला चंद्रभागेचे वाळवंट मोकळे होते.

नदीच्या अस्वच्छतेमुळे २०१४-१५ च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयाने वाळवंटातील राहुट्यांवर निर्बंध घातले. तेव्हा शासनाने ‘६५ एकर’ परिसरात दिंड्यांना तंबूंसाठी विनामूल्य जागा दिली.

राहुट्या वाळवंटातून उठल्या. तरी गरिबाची वारी टिकली, कारण नव्या जागेला भाडे लागले नाही.