खुब्याची वाटी

माझी आजी शेवटची काही वर्षे काठी टेकत घरातल्या घरातच वावरली. खुबा झिजला होता. 'वय झालं,' म्हणून साऱ्यांनी तो विषय सोडून दिला. परवा त्याच दुखण्यावर शस्त्रक्रिया झालेली माझी मावशी जिना चढून आमच्याकडे आली आणि जॉन चार्नली आठवला.

हा इंग्रज शल्यविशारद. लँकेशायरमधल्या राइटिंग्टन रुग्णालयात १९५८च्या सुमारास तो झिजलेल्या खुब्यात धातूचा गोळा आणि टेफ्लॉनची वाटी बसवू लागला. रुग्णांच्या वेदना थांबल्या. पण दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजले, त्याच्या कणांनी सांध्याभोवती गाठी आणल्या. जवळजवळ ३०० जणांच्या नशिबी हे आले. त्या वाट्या चार्नलीने स्वतःच्या हाताने काढल्या. त्या पदार्थाचा परिणाम पाहण्यासाठी तो स्वतःच्या मांडीत टोचूनही घेतला!

१९६२ साली एक विक्रेता पॉलिथिलीनचा तुकडा घेऊन आला. चार्नलीने त्यात नख रुतवून पाहिले आणि 'नको' म्हटले. प्रयोगशाळेतल्या हॅरी क्रेव्हनने मात्र तो गुपचूप घासणीच्या यंत्रावर चढवला. टेफ्लॉन एका दिवसात झिजे, तेवढा हा तीन आठवड्यांतही झिजला नाही. त्याच नोव्हेंबरमध्ये नवी वाटी रुग्णाच्या खुब्यात बसली. क्रेव्हनचे नाव आज किती जणांना ठाऊक असेल?

आजी खुरडत होती ते साल १९७५. उपाय तेरा वर्षांचा झाला होता. आमच्या गावात तो कोणी ऐकलाही नव्हता.