यज्ञाची तिथी, उन्हाळ्याची वाट आणि १८५७

विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ आज सत्तावन्नच्या उठावाचे प्रत्यक्षदर्शी वर्णन म्हणून वाचला जातो. झाशीचा वेढा, शहरातील कत्तल, काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी झालेले राणीचे दर्शन, एवढेच बहुतेकांच्या स्मरणात राहते. त्यामुळे ग्रंथाच्या आरंभीचा भाग दुर्लक्षित राहतो. वास्तविक या गृहस्थाने उठाव पाहण्यासाठी घर सोडलेच नव्हते. एका मोठ्या समारंभाची वार्ता कानी आली, ती तिथी साधायची, वाटेत पावसाळा लागू द्यायचा नाही आणि गर्दी होण्यापूर्वी जागा धरायची, या हिशेबाने तो निघाला होता.

समारंभ होता मथुरेचा सर्वतोमुख यज्ञ. तो करणार होत्या दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई. कागलच्या घाटगे घराण्यातील ही कन्या १८२७ ते १८३३ या काळात ग्वाल्हेरच्या दौलतीचा कारभार पाहत होती. १८५७ मध्ये त्यांनी सत्तरी ओलांडली होती. यज्ञात लाखो रुपयांचा व्यय होणार, अशी बातमी पुण्याकोकणातील भिक्षुकवर्गात पसरली. वरसई हे पेणनजीकचे लहान गाव. तेथील गोडसे घराण्यावर कर्ज होते. विष्णुभट तिशीचा. त्याने काका रामभट यांच्यासह उत्तरेस जाण्याचे ठरविले. घरच्यांना हा बेत फारसा रुचला नव्हता.

मथुरेत होणाऱ्या यज्ञासाठी कोकणातील भिक्षुकाने हजार-बाराशे किलोमीटर चालत का जावे? याचे उत्तर १८१८ मध्ये आहे. पेशवाईत श्रावणमासी पुण्यास दक्षिणा वाटली जाई. पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या रमण्यात हजारोंच्या संख्येने ब्राह्मण जमत आणि कित्येक कुटुंबांच्या वर्षाचा हिशेब त्या एका महिन्यावर अवलंबून असे. राज्य गेल्यानंतर कंपनी सरकारने ही दक्षिणा आखडत नेली. त्यातील काही रक्कम १८२१ साली विश्रामबागेत निघालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळली, तर १८५१ पासून मराठी ग्रंथांना पारितोषिके देण्यासाठी तिचा उपयोग होऊ लागला. आधुनिक मराठी गद्याला या निर्णयाचा लाभ झाला, हे निर्विवाद. पण केवळ पोथी आणि पाठांतर एवढेच भांडवल असलेल्या घरांचे उत्पन्न त्याच निर्णयाने बुडाले, हेही तितकेच खरे. आपल्या वाङ्मयेतिहासात ही दुसरी बाजू क्वचितच येते.

पुण्याचा आश्रय आटला तरी ग्वाल्हेर, इंदूर, धार, देवास, बडोदे येथील दरबार शिल्लक होते. झाशीत नेवाळकर होते, आणि ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला, पेशव्यांचे दत्तक पुत्र नानासाहेब. राज्य गेले होते. दानधर्माचा नकाशा मात्र टिकून होता. कोठे मुंज, कोठे तुला, कोठे राजाचे उत्तरकार्य, याची बातमी पत्रांतून आणि परतणाऱ्या यात्रेकरूंच्या तोंडून फिरत असे, आणि तिच्या आधारे माणसे प्रवासाचा बेत आखत.

तिथी साधणे म्हणजे केवळ वेळेवर पोहोचणे नव्हे. मोठ्या यज्ञात ऋत्विजांची वरणी आरंभीच होते. ज्याची वरणी झाली त्याला वस्त्रे, पात्रे, मानाची दक्षिणा आणि यज्ञ संपेपर्यंत भोजन. मागाहून येणाऱ्या गर्दीच्या वाट्याला शेवटची भूयसी दक्षिणा, आणि तीही जमलेल्या संख्येने भागलेली. म्हणून लांबच्या माणसाला आधीच निघावे लागे आणि गर्दीचा अंदाज घरूनच बांधावा लागे.

ऋतूचा विचारही याच हिशेबात येई. होळी उलटली की नद्यांचे पाणी ओसरलेले असते. तापी आणि नर्मदा ओलांडणे त्यातल्या त्यात सोपे. आषाढात चातुर्मास लागला की वाटा चिखलात जातात आणि व्रतस्थ मनुष्य एका जागी राहतो. मधले तीन-साडेतीन महिने हाच खरा प्रवासाचा काळ. ऊन टाळण्यासाठी पहाटे चालायचे, दुपार झाडाखाली किंवा धर्मशाळेत काढायची आणि उन्हे कलल्यावर पुन्हा वाट धरायची. दिवसाला पाच-सहा कोस पडले तरी मथुरा गाठायला दोन महिन्यांहून अधिक काळ लागणार. मे १८५६ मध्ये आगगाडी खोपोलीपर्यंत आली होती, म्हणजे वरसईच्या माणसाला ती जवळजवळ दारात होती. पण उत्तरेकडे जाणाऱ्याला तिचा काडीचाही उपयोग नव्हता.

एकट्याने जाण्याची तर सोयच नव्हती. ठगांचा बंदोबस्त झाला असला तरी सातपुड्याचे घाट निर्धास्त नव्हते. याच वर्षी पुढे सेंधव्याच्या घाटात खाज्या नाईकाच्या नेतृत्वाखाली भिल्लांनी उठाव केला. म्हणून सोबत पाहून निघण्याची रीत होती. यात्रेची गर्दी संरक्षण देई, तशी ती पटकीही देई. दोन्हींचा विचार करूनच माणसे तिच्यात मिसळत.

इतका विचार करून निघालेला प्रवास महूच्या वाटेवर अडला. तेथे भेटलेल्या शिपायांनी पुढे मोठा अनर्थ होणार असल्याचे सांगितले आणि मागे फिरण्याचा सल्ला दिला. काडतुसांची हकीकतही त्यांच्याकडूनच कळली. येथून परतणे शक्य होते. पण परतायचे म्हणजे कर्ज तसेच, वाटखर्च वाया आणि हात रिकामे. काका-पुतण्यांनी पुढे जाण्याचे ठरविले. त्यांना धाडसी म्हणणे किंवा भाबडे म्हणणे, दोन्ही सोपे आहे. प्रत्यक्षात कर्जदाराला उपलब्ध असलेल्या दोन वाटांपैकी एक त्यांनी निवडली होती.

यानंतर मथुरेचा बेत मागे पडत गेला आणि दर मुक्कामावर नवा बेत आखला जाऊ लागला. त्याच सुमारास धारचे राजे निवर्तले होते. तेथील उत्तरकार्यात मोठा दानधर्म होणार म्हणून धार. मग उज्जैन. मग बायजाबाईंचे ग्वाल्हेर. तेथील कंटिन्जंट फौज जून १८५७ मध्येच उठली होती. ज्या यज्ञासाठी घर सोडले, तो गोडशांच्या पदरी पडलाच नाही. तेथून ते झाशीस गेले.

हा मार्ग नकाशावर पाहिला म्हणजे एक गोष्ट लक्षात येते. ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, बिठूर ही नावे सर ह्यू रोजच्या मोहिमेच्या आणि तात्या टोपे यांच्या हालचालींच्या वर्णनांतही पुन्हा पुन्हा भेटतात. दक्षिणेच्या शोधात निघालेला भिक्षुक रणभूमीच्या मध्यभागी सापडला, यात निव्वळ योगायोग थोडा आहे. ज्या गाद्यांभोवती दानधर्माची गर्दी जमे, त्यांच्याच भोवती त्या वर्षी शिपायांची गर्दी जमत होती. आश्रयाचे आणि उठावाचे रस्ते पुष्कळ अंशी एकच होते. भिक्षुकाचा अंदाज जागेच्या बाबतीत बरोबर ठरला; त्या जागी कोण जमणार, एवढेच बदलले.

झाशीत तर बाहेर पडण्याची वाटच उरली नाही. मार्च १८५८ मध्ये वेढा पडला, ३ एप्रिलला इंग्रज फौज शहरात शिरली, आणि गोडसे लपूनछपून जगले. जमविलेली पुंजी लुटली गेली. पुढे चित्रकूट, अयोध्या, काशी अशी तीर्थे झाली. त्यांत यात्रा किती आणि निरुपाय किती, हे वेगळे करता येत नाही.

बऱ्याच वर्षांनी चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनी ही हकीकत लिहून काढली. वैद्यांनी ती संपादित करून १९०७ मध्ये प्रसिद्ध केली. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध झालेली दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती १९६६ ची. दोन्ही शेजारी ठेवून वाचाव्यात, आणि पहिली पाने घाईने उलटू नयेत.

वरसईस परतताना गोडशांच्या खांद्यावर गंगाजलाची कावड होती. तेवढ्या लांबून चालत आणलेल्या त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले.