ऑफिसचे डिनर, मर्यादित बजेट: रेस्टॉरंटमध्ये वाइन कशी निवडावी?

क्लायंट बाहेरगावहून आले आहेत. पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या एका रेस्टॉरंटमध्ये बारा जणांचे टेबल बुक झाले आहे. वेटर वाइनची जाडजूड यादी आणून तुमच्या हातात देतो आणि सगळे तुमच्याकडे पाहू लागतात. महाग बाटली मागवली तर उद्या अकाउंट्स विभाग विचारणार. फार स्वस्त मागवली तर पाहुण्यांना काय वाटेल, ही धास्ती.

अशा वेळी वाइनचे सखोल ज्ञान लागत नाही. साधा हिशेब करावा लागतो आणि रेस्टॉरंटशी आधी बोलून ठेवावे लागते. यातले बहुतेक काम टेबलावर बसण्यापूर्वीच उरकता येते.

आधी काय तपासावे?

पहिली गोष्ट कंपनीचा नियम. अनेक कंपन्या जेवणाचा खर्च देतात, पण मद्याचा देत नाहीत किंवा त्यासाठी वेगळी मंजुरी मागतात. हे बिल आल्यावर कळले तर भुर्दंड यजमानाच्या खिशाला. पाहुण्यांच्या कंपनीचेही आदरातिथ्याबाबत नियम असू शकतात. त्यामुळे त्यांच्या ऑफिसमध्ये एक फोन करून विचारून घेणे बरे.

दुसरी गोष्ट तारीख. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे ड्राय डे असतात. मतदान असलेल्या भागात मतदान संपण्याच्या वेळेआधीच्या ४८ तासांतही मद्यविक्री बंद असते. बुकिंग करतानाच रेस्टॉरंटला विचारावे.

किती बाटल्या लागतील?

वाइनची नेहमीची बाटली ७५० मिलिलिटरची असते. १५० मिलिलिटरचा एक ग्लास धरला तर एका बाटलीत पाच ग्लास होतात. दोन-अडीच तासांच्या जेवणात वाइन घेणाऱ्या माणसामागे दोन ते तीन ग्लास धरावेत.

बारा जणांपैकी आठ जण वाइन घेणार असतील आणि प्रत्येकी तीन ग्लास धरले, तर २४ ग्लास म्हणजे पाच बाटल्या. वाइनसाठी १५,००० रुपये असतील तर एका बाटलीवर सगळे धरून ३,००० रुपये खर्च करता येतात. कर आणि सेवाशुल्क मिळून वीस टक्के धरले तर यादीत २,५०० रुपयांपर्यंतची बाटली शोधायची. हा आकडा हाती आला की यादीतली बरीच पाने आपोआप बाद होतात.

ग्लासच्या दराने मागवणे चार-पाच जणांच्या टेबलाला बहुधा महाग पडते. यादीत ग्लासचा दर ६०० आणि बाटलीचा २,५०० असेल तर पाच ग्लासांचे ३,००० होतात. एखाद-दुसराच घेणारा असेल तर मात्र ग्लासच मागवावा.

बिल यादीपेक्षा जास्त का येते?

जेवणावर जीएसटी लागतो. मद्य जीएसटीच्या बाहेर आहे, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो. म्हणून बिलात दोन्हींचा हिशेब वेगळा दिसतो. यादीतले दर करासह आहेत की कर वेगळा, हे आधीच विचारावे.

सेवाशुल्क ऐच्छिक आहे. ते बिलात आपोआप जोडू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती उचलून धरली. त्याबद्दल बोलायचे असेल तर बुकिंगच्या वेळी मॅनेजरशी बोला. पाहुण्यांसमोर बिलावरून वाद नको.

देशी की आयात केलेली?

मर्यादित बजेटमध्ये देशी वाइन बहुतेक वेळा फायद्याची ठरते. आयात वाइनवर बराच काळ १५० टक्के सीमाशुल्क होते. त्यावर रेस्टॉरंटचा नफा चढतो. त्यामुळे परदेशात साधी समजली जाणारी बाटलीही इथल्या यादीत महाग दिसते.

नाशिक परिसरात सुला, यॉर्क यांसारख्या वायनरी आहेत, तर सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेली. बाहेरगावच्या पाहुण्यांना नाशिकची किंवा अकलूजची वाइन दिली तर ती काटकसर वाटत नाही, उलट गप्पांना विषय मिळतो.

जेवणाला काय जुळेल?

सगळ्यांच्या पसंतीची एकच वाइन शोधत बसू नका. एक व्हाइट आणि एक रेड, एवढे पुरे. आपल्या तिखट-मसालेदार पदार्थांसोबत फार तुरट आणि जास्त अल्कोहोल असलेली रेड घेतली तर तिखटाची जळजळ वाढते.

- मासे, कोळंबी, पनीर टिक्का: सोव्हिन्यॉं ब्लां. ही कोरडी आणि आंबटसर असते.
- तिखट भाज्या, चाट, थाई किंवा इंडो-चायनीज पदार्थ: शेनिन ब्लां. भारतात ती बऱ्याचदा किंचित गोडसर मिळते.
- कबाब, मटण: शिराझ.
- टेबलावर व्हेज, नॉनव्हेज सगळेच असेल तर: रोझे. ती थंड दिली जाते आणि बऱ्याच पदार्थांशी जमते.

साध्या व्हाइट वाइनच्या लेबलवरचे वर्ष पाहावे. अशा वाइन ताज्या असतानाच चांगल्या लागतात, त्यामुळे चार-पाच वर्षे जुनी बाटली टाळावी.

ऑर्डर कशी द्यावी?

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दुपारी फोन करून दोन वाइन आणि बाटल्यांची संख्या ठरवून टाकणे. ते जमले नाही तर यादीतल्या किमतीवर बोट ठेवून कॅप्टनला म्हणावे, "साधारण अशी काहीतरी सुचवा." त्याला बजेट कळते आणि शेजारच्या पाहुण्याला आकडा ऐकू जात नाही.

त्याच वेळी आणखी एक सांगावे: "मला विचारल्याशिवाय नवी बाटली उघडू नका." अर्धे ग्लास पुन्हा पुन्हा भरले जातात आणि कोणाच्या लक्षात न येता दोन बाटल्या जास्त होतात. बजेट बिघडते ते बहुधा इथेच.

बाटली तुमच्यासमोर उघडली जावी. त्याआधी नाव आणि वर्ष मागवल्याप्रमाणे आहे का, ते पाहावे. मग यजमानाला एक घोट दिला जातो. तो वाइन आवडली का हे सांगण्यासाठी नसून ती खराब झाली नाही ना, हे पाहण्यासाठी असतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट किंवा व्हिनेगरसारखा वास आला तर बाटली बदलून मागता येते. बुचाऐवजी फिरकीचे झाकण असणे हे हलक्या दर्जाचे लक्षण नाही.

रेड वाइन "रूम टेम्परेचर"ला प्यावी असे म्हणतात, पण आपल्याकडच्या तीस अंशांना नव्हे. तिला १६ ते १८ अंश सेल्सिअस योग्य. बाटली कोमट वाटली तर पंधरा मिनिटे बर्फाच्या बादलीत ठेवायला सांगा. एक पैसाही न वाढवता चव सुधारते.

न पिणाऱ्यांचे काय?

आपल्याकडच्या अशा टेबलावर तीन-चार जण तरी मद्य घेत नाहीत. त्यांना कारण विचारू नये, आग्रह तर मुळीच करू नये. वाइनची ऑर्डर देतानाच सोलकढी, कोकम सरबत किंवा फ्रेश लाइम सोडाही मागवावा, म्हणजे सगळ्यांचे ग्लास एकाच वेळी टेबलावर येतात. चिअर्स सरबताच्या ग्लासनेही करता येते. या पेयांचा खर्चही बजेटमध्ये आधीच धरावा.

शेवटची तरतूद परतीच्या प्रवासाची. भारतात वाहन चालवताना रक्तातील अल्कोहोलची कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम आहे आणि दोन-तीन ग्लासांत ती सहज ओलांडली जाऊ शकते. त्यामुळे पाहुण्यांच्या टॅक्सीचे पैसे वाइन निवडण्याआधीच बाजूला काढावेत. त्यासाठी एक बाटली कमी करावी लागली तरी चालेल.