खडूची रेघ

टॅप नृत्यात बुटाचा ठोका एकदाच पडतो. १९३०च्या दशकाच्या मध्यावर हॉलिवूडच्या मेट्रो-गोल्डविन-मेयर स्टुडिओत मात्र एलिनॉर पॉवेलच्या नृत्याचे ध्वनिमुद्रण मोठ्या कर्ण्यांच्या संचावर लावले, तेव्हा प्रत्येक ठोका दोनदा ऐकू आला, अशी आठवण तिथले अभियंते जॉन हिलियर्ड सांगत. मुद्रणात दोष नव्हता. खर्जाचा कर्णा लांबलचक होता, वरच्या स्वरांचा आखूड. दोन मार्गांत सुमारे आठ फुटांचा फरक. ध्वनी सेकंदाला साधारण ११३० फूट जातो. म्हणजे ठोक्यातला खर्ज सात मिलिसेकंद उशिरा पोहोचत होता.

जुन्या कर्ण्यांच्या क्रॉसओव्हरचा अभ्यास करताना मी या ठोक्यापाशी पुन्हा पुन्हा येतो. क्रॉसओव्हर म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरकडून आलेला आवाज दोन स्पीकरांत वाटून देणारे सर्किट. कॉइल उंच स्वर अडवते, खालचे सोडते. कपॅसिटर नेमके उलटे करतो. १६ ओहमच्या स्पीकरांत ५०० हर्ट्‌झला वाटणी करायची, तर अगदी साध्या सर्किटला सुमारे ५ मिलिहेन्रीची कॉइल आणि २० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पुरतो. ही वाटणी टाळता येत नाही. प्रत्येक कर्ण्याला खालची मर्यादा असते. तिच्याखाली हवेचा भार सुटतो आणि ड्रायव्हरचा पातळ पडदा मोकाट हलून फाटू शकतो. शिवाय हा ड्रायव्हर खर्जाच्या स्पीकरपेक्षा मोठ्याने वाजतो. म्हणून त्याला आवरण्याची सोयही सर्किटमध्येच करतात.

पण आठ फुटांचा उशीर काही ती कॉइल आणि कपॅसिटर भरून काढू शकत नव्हते. डग्लस शिअरर, हिलियर्ड, जेम्स लान्सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खर्जाचा कर्णाच घडी घालून आखूड केला. या द्विमार्गी संचासाठी शिअरर आणि स्टुडिओच्या ध्वनी विभागाला १९३६ सालचा अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

हे सगळे वाचलेले असूनही मी चुकलोच. काही वर्षांपूर्वी एका बंद पडलेल्या टॉकीजच्या भंगारातून मी कर्ण्यांची एक जोडी घेतली. कपॅसिटर बदलताना दिसले, की वरच्या ड्रायव्हरच्या तारा प्लस-मायनस उलट जोडलेल्या आहेत. कुणा मिस्त्रीची चूक समजून मी त्या 'सरळ' केल्या. गाणे लावले, तर गायिकेचा आवाज मधोमध पोकळ. पुढे उलगडले, की प्रत्येक बाजूला एक कॉइल आणि एक कपॅसिटर असलेल्या त्या सर्किटमध्ये वाटणीच्या ठिकाणी दोन्ही स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध हलतात. एकाच्या तारा उलटल्या की ते जुळतात. मिस्त्री बरोबर होता.

तारा परत उलटल्या, तरी आवाज पुरता भरेना. तेव्हा टॉकीजच्या म्हाताऱ्या ऑपरेटरकाकांना बोलावले. त्यांनी पेटीच्या माथ्यावरून हात फिरवला आणि विचारले, "इथली खडूची रेघ कुठं गेली?"

मी ती ओल्या फडक्याने पुसली होती. कर्णा त्या रेघेवर ठेवलेला असे. मी तो वीतभर पुढे ठेवला होता. ५०० हर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे ६९ सेंटिमीटर. वीत म्हणजे तिचा तिसरा हिस्सा. काका समोर बसले, मी कर्णा बोटाबोटाने मागे सरकवत गेलो. दुपार गेली. शेवटी ते म्हणाले, "बास. आता बाई पडद्यातून बोलली."

ती रेघ सर्किटचाच भाग होती. पण कोणत्याही आराखड्यात ती सापडली नसती. आज टॉकीज पाडताना कॉइली तांब्याच्या वजनाने विकल्या जातात आणि कर्णे दिवाणखान्याची शोभा होतात. सर्किट पुन्हा बांधता येईल, सुटे भाग मिळतात. कर्णा कुठे होता आणि तारा कशा जोडल्या होत्या, हे मात्र उचलण्याआधीच मोजून, लिहून ठेवावे लागते. मी ते केले नाही. काका होते म्हणून निभावले.